घरात माणसे किती?



मागील अंकात हे सदर नव्हते. काही भगिनींनी त्याची चौकशी केली. दोघींनी तर थेट फोन करून माझ्या प्रकृतीबद्दल विचारले. प्रकृती चांगली होती. न लिहिण्याचे कारण निराळे होते. हा अंक आमच्या घरी येतो तेव्हा तो आधी माझ्या सासूबाईंच्या हाती जातो. चष्म्यावर भिंग धरून त्या तो पहिल्या पानापासून वाचतात आणि माझे सदर आले की मोठ्याने वाचतात, म्हणजे काही चुकले असेल तर मला स्वयंपाकघरात ऐकू यावे. ऑक्टोबरच्या अंकासाठी घरची वार्ता लिहायची तर एक बातमी लिहावी लागली असती, आणि ती आम्ही त्यांच्यापासून लपवून ठेवली होती. ती वगळून लिहायला हात धजेना, म्हणून लिहिलेच नाही.

आजचा मजकूर मात्र छापायला जाण्यापूर्वी त्यांनी वाचला आहे. "लिही, पण त्याचे वय बरोबर लिही," एवढीच त्यांची सूचना होती. वय ७४ वर्षे. आता बरोबर लिहिले आहे.

सासूबाईंना घरात लहानमोठे सारे 'बाई' म्हणतात. त्यांचे वय ८६. आमच्या घरात मारवाडी बोलली जाते. बाईंचे बोलणे येथे मराठीत देते आहे, त्यात त्यांची धार थोडी बोथट झाली असेल तर तो दोष माझा.

२०२० साली आश्विन अधिक आला. १८ सप्टेंबरला सुरू झालेला अधिक मास १६ ऑक्टोबरपर्यंत चालला, त्यामुळे चातुर्मास पाच महिन्यांचा झाला आणि दिवाळी १४ नोव्हेंबरपर्यंत लांबली. एरवी पाच महिन्यांचा चातुर्मास म्हणजे जालन्याच्या श्रावकांना पर्वणी. त्या वर्षी स्थानकाच्या दाराला कुलूप होते. पर्युषणात मुंबईतील दादर, भायखळा आणि चेंबूर येथील तीन मंदिरांपुरती सर्वोच्च न्यायालयाने अखेरच्या दोन दिवसांसाठी मुभा दिली, त्याची बातमी बाईंनी दोनदा वाचून घेतली आणि म्हणाल्या, "न्यायालयाने मुंबईला दिले, जालन्याला घर दिले." मग घरातच, वरच्या माळ्यावरच्या खोलीत, पांढरी चादर अंथरून आम्ही आठ दिवस काढले. मोबाइलवर प्रवचन लागे. मध्येच आवाज तुटला की धाकटी नात भिंतीवर फोन उंच धरून उभी राही. संवत्सरीला सर्वांनी खमतखामणा केली तीही मोबाइलवरूनच. मी एकच संदेश दोनशे जणांना पाठवला. हात जोडलेल्या चित्रासह. त्या दोनशे जणांत कोण कोण होते हे मला आजही सांगता येणार नाही.

(साऱ्या जगाने मुहपत्ती बांधली, हा विनोद आपल्या प्रत्येक गटात शंभर वेळा फिरला. आता पुरे.)

वाचकांपैकी अनेकांचे जालन्याशी सोयरसंबंध आहेत, पण वर्षभरात येणे झाले नसेल, म्हणून गावाचेही थोडे सांगते. मार्चअखेर मोंढा थांबला, लोखंडाच्या भट्ट्या थांबल्या. आमची आडतीची पेढी. तिचे अर्धे शटर आत-बाहेर करत राहिले, कारण धान्य अत्यावश्यक सेवेत होते. लोखंडाच्या कारखान्यांतले परप्रांतीय मजूर मात्र अडकले. मे महिन्यात त्यांतले काही जण भुसावळला रेल्वे मिळेल या आशेने जालन्याहून रुळांवरून चालत निघाले आणि ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवरच झोपले असताना मालगाडीखाली सोळा जण गेले. मध्य प्रदेशातली माणसे. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात होते. बाईंनी तो अंक घडी करून ठेवला, रद्दीत जाऊ दिला नाही. आमच्या गावातून निघालेली माणसे होती ती, एवढेच त्या म्हणाल्या. गणपतीनंतर कारखान्यांची धुरांडी एकेक करून पुन्हा धूर सोडू लागली, रेल्वे स्थानकाबाहेर पत्र्याच्या पेट्या घेऊन माणसे उतरताना दिसू लागली. मोंढ्यात तेव्हा सगळे म्हणाले, चला, गाडी रुळावर आली. आमच्या मुनीमजींनी हा वाक्प्रचार उच्चारणाऱ्या एका तरुण व्यापाऱ्याकडे असे पाहिले की तो ओशाळून गप्प बसला.

आता मूळ गोष्टीकडे येते.

१५ सप्टेंबरपासून सरकारची 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. तेव्हाचे आरोग्यमंत्री आपल्याच जिल्ह्यातले, घनसावंगीचे, त्यामुळे इथे तिची चर्चा जरा अधिकच होती. २१ सप्टेंबरला, सोमवारी सकाळी, आमच्या दारात आशाताई आणि त्यांच्यासोबत दोन स्वयंसेवक आले. कपाळासमोर ताप मोजायचे यंत्र धरले, बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावली. बाईंचा आकडा ९६ आला, तेव्हा "शंभरात किती?" असे विचारून त्यांनी चार गुण कुठे गेले याची चौकशी केली. मग आशाताईंनी वही उघडून विचारले, "आजी, घरात माणसे किती?"

मी चौदा म्हणणार, तोच बाई बोलल्या, "एकेचाळीस."

आशाताईंनी आमच्या घराकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. वाडा जुना आहे, पण एकेचाळीस माणसांचा नाही. बाई बोटांच्या पेरांवर मोजू लागल्या. जालन्यात चौदा. परतूरला सहा, तिथे आमचे मधले दीर कापसाचा व्यापार पाहतात. औरंगाबादला पाच. पुण्याला सात. चेन्नईला नऊ. झाले एकेचाळीस. आशाताई हसल्या आणि म्हणाल्या, "आजी, या छपराखाली झोपणारी किती, तेवढेच सांगा." बाईंना ते पटले नाही. "छप्पर कुणीही बांधते," त्या म्हणाल्या, "मी माणसे सांगते आहे." वहीत चौदा लिहिले गेले.

पुण्याच्या सातांमध्ये काकासा होते.

काकासा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे सर्वांत धाकटे भाऊ. १९५१ साली बाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्या सतरा वर्षांच्या आणि काकासा पाच वर्षांचे. त्यांची आई त्याआधीच वारली होती. बाईंनी त्यांना न्हाऊमाखू घातले, शाळेत पाठवले, त्यांच्या लग्नात आईच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांच्या पहिल्या मुलाचे नाव बाईंनी ठेवले, स्वतःच्या पहिल्या मुलाच्या आधी. पुढे मुलांच्या धंद्यासाठी ते पुण्याला गेले, त्याला पंचवीस वर्षे झाली. पण त्यांचा जीव मोंढ्यातच राहिला. रोज दुपारी चार वाजता त्यांचा फोन यायचा. बाईंकडे बटणांचा साधा फोन आहे आणि त्यावर येणारा हा एकच फोन त्या स्वतः उचलतात. "भाभीसा, आज सोयाबीन काय निघाले?" हा पहिला प्रश्न. "तुमच्याकडे भाजी काय होती?" हा दुसरा. बाईंना चारच्या आत पेढीवरून भाव मागवून ठेवावा लागे. हर्राशीत भाव पडला असेल तर मुनीमजी मला हळूच सांगत, "आज दहा-वीस वाढवून सांगा, त्यांना रात्री झोप येत नाही."

गणपती विसर्जनानंतर काकासांना ताप आला. १४ सप्टेंबरला त्यांना पुण्याच्या रुग्णालयात दाखल केले. तेव्हा पुण्यात खाटा मिळवणे किती कठीण होते ते सर्वांना आठवत असेल. बाईंना आम्ही दाखल केल्याचे सांगितले, आणि आत फोन नेऊ देत नाहीत हेही सांगितले. ते खरे होते. २४ सप्टेंबरला, गुरुवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास ते गेले.

अंत्यसंस्कार महापालिकेच्या माणसांनी केले. मुलांनी लांबून पाहिले. काकीसा आणि एक सून त्या वेळी स्वतःच बाधित होत्या, घरात निरनिराळ्या खोल्यांत. जालन्याहून जाण्याचा प्रश्नच नव्हता.

बाईंना सांगायचे नाही, हे मी ठरवले. येथे मी 'आम्ही' लिहू शकले असते. पण खरे असे की माझे यजमान सांगायला निघाले होते आणि मी त्यांना जिन्यात अडवले. बाईंचे हृदय नाजूक, आठ दिवसांपूर्वीच रक्तदाब वाढलेला. बाहेर साथ इतकी की त्यांना काही झाले तर डॉक्टरही घरी येणार नाही. सारे शांत होऊ दे, दिवाळीनंतर सांगू. माझे म्हणणे सर्वांना पटले. मला वाटते, कुणालाच सांगायचे नव्हते, म्हणून लवकर पटले.

एकदा ठरल्यावर व्यापारी घर जशी कामे वाटून घेते तशी आम्ही वाटून घेतली. मोबाइलवरचा कुटुंबाचा गट बाईंना वाचून दाखवणाऱ्या नातीला समज दिली. जालन्याच्या आवृत्तीत निधनवार्ता द्यायची नाही असे ठरले, कारण बाई वर्तमानपत्राची तीच बाजू आधी उघडतात. पेढी दुपारपर्यंत बंद ठेवली, तर जंतुनाशकाची फवारणी आहे असे सांगितले. उठावणा पुण्याच्या मुलांनी मोबाइलवरच केला. आम्ही पेढीच्या मागच्या गोदामात, पोत्यांवर बसून त्यात सामील झालो. काकीसांना कळवले की बाईंना माहीत नाही, तेव्हा त्यांना फोन करू नका. बाईंना सांगितले की काकासा घरी आले आहेत, परंतु घशाला त्रास आहे, बोलायला मनाई आहे.

"बरे," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीपासून चार वाजता त्या सामायिक घेऊन बसू लागल्या. अठ्ठेचाळीस मिनिटे कुणी हाक मारायची नाही. मला सुटल्यासारखे झाले, कारण चार वाजता त्यांच्या समोर जाणे मला जड जात होते. २ ऑक्टोबरला नातवाचा वाढदिवस आला. तो नेहमीसारखा केला नाही तर संशय येईल म्हणून शिरा केला, फुगे लावले. बाईंनी शिरा घेतला नाही. "मला गोडाचा त्याग आहे," म्हणाल्या. अधिक मासात त्या काही ना काही नियम घेतातच. त्या शिऱ्याचा घास आम्हा मोठ्या माणसांच्या घशाखाली कसा उतरला, ते लिहीत नाही.

इतर बातम्या याच काळातल्या आहेत, त्या थोडक्यात देते. ऑक्टोबरच्या मध्याला परतीच्या पावसाने मराठवाड्याला झोडपले. काढून शेतात ढीग घातलेले सोयाबीन भिजले, काही ठिकाणी शेंगांना उभ्यानेच कोंब फुटले. मोंढ्यात माल आला तो काळवंडलेला. हमीभाव ३,८८० रुपयांचा होता, पण ओल मोजणारे यंत्र लावले की शेतकरी आणि आडत्या दोघेही खाली मान घालत. वीस-वीस वर्षे आमच्याकडे माल आणणारी माणसे कोपऱ्यात उभी राहून विचारत होती, "शेठ, काही उचल मिळेल का?" बाजारातली जुनी उधारी आधीच अडकलेली. यजमानांनी कुणाला किती दिले ते मला वही पाहून कळले, आणि मी त्याबद्दल काही विचारले नाही. परतूरच्या घरी कापसाची पहिली वेचणी पाण्यात गेली. पुण्याचा पुतण्या नोकरी करतो, तो मार्चपासून आमच्याकडेच होता, मागच्या गच्चीवर पत्र्याखाली संगणक मांडून. त्याचा साहेब बेंगळुरूला, हा जालन्याला, आणि दोघांच्या मध्ये आमच्या शेजाऱ्यांचा कोंबडा. स्वतःच्या आजोबांचे निधन त्याने याच गच्चीवर ऐकले. दोन नातवंडे तेव्हा मोबाइलवर शाळा शिकत होती. धाकटीला पाढे येऊ लागले, पण ती मास्तरांना 'दिसत नाही, ऐकू येत नाही' हे आमच्यापेक्षा सफाईने सांगायची. औरंगाबादच्या पुतणीचे लग्न डिसेंबरात ठरले होते. तेव्हा पन्नास माणसांची मर्यादा होती. यादी करायला बसलो तर आमचेच पन्नासाला टेकले. नवरदेवाकडच्यांना बोलवायचे की नाही, असा विनोद झाला आणि मग कुणीच हसले नाही, कारण यादीत एक नाव सवयीने लिहिले गेले होते आणि माझ्या जावेने ते खोडले.

१९ ऑक्टोबरला, घटस्थापनेनंतरच्या सोमवारी, त्याच आशाताई मोहिमेच्या दुसऱ्या फेरीत आल्या. बाई ओट्यावर बसल्या होत्या. ताप मोजला, चिमटी लावली. या वेळी ९५. आशाताईंना आधीची गंमत आठवत होती. त्या हसून म्हणाल्या, "काय आजी, घरात माणसे किती? एकेचाळीसच ना?"

बाई म्हणाल्या, "चाळीस."

मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभी होते. आशाताईंना काही कळले नाही, त्या सूचनांचा कागद देऊन पुढच्या घरी गेल्या. बाईंनी मागे न पाहता मला विचारले, "पुण्याला आता सहा ना?"

मी खाली बसले. पंचवीस दिवस जे रडणे गोदामात आणि न्हाणीघरात दाबले होते ते त्या ओट्यावर बाहेर पडले. बाई रडल्या नाहीत. त्यांनी माझे रडणे होऊ दिले. मग मी विचारले, कुणी सांगितले? मुनीमजींनी? नातीने?

"कुणी सांगायला कशाला पाहिजे," बाई म्हणाल्या. "तुझा नवरा अकरा वाजता पेढीवरून आला आणि त्याने अंघोळ केली. मी म्हटले, ठीक आहे, बाहेरून आला, हल्ली सगळेच करतात. पण तुम्ही तिघी घराबाहेर पडला नव्हता. तिघींनी एका दुपारी केस धुतले."

हे खरे होते. बातमी आल्यावर आम्ही तिघी जावांनी न बोलता, एकीमागून एक, डोक्यावरून पाणी घेतले होते. लपवायचे ठरवले होते, तरी सुतकाचे स्नान चुकवायला मन तयार झाले नाही. ओले केस पाठीवर सोडून आम्ही त्यांना जेवायला वाढले होते.

बाईंनी घरात १९१८ च्या साथीचे ऐकले होते. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणत. तीही अशीच शरद ऋतूत, दिवाळीच्या तोंडावर उसळली होती आणि देशभरात एक कोटीहून अधिक माणसे घेऊन गेली. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. मनमाडकडून येणाऱ्या गाडीने गावोगावच्या सोयऱ्यांची कार्डे येत, आणि त्यांतल्या कित्येकांचा एक कोपरा फाडलेला असे. ज्यांच्या घरी कुणी गेले ते कार्डाचा कोपरा फाडून पाठवत, म्हणजे अक्षर न येणाऱ्या बाईलाही हातात घेताच कळे. असे कार्ड उंबरठ्याच्या आत आणत नसत. बाहेरच वाचून, फाडून, स्नान करून मग आत यायचे. आजेसासूबाई तेव्हा नव्या नवरी होत्या. एका आठवड्यात त्यांच्या माहेरहून अशी दोन कार्डे आली.

"तेव्हा कार्डाचा कोपरा फाडत," बाई म्हणाल्या, "तुम्ही केस धुतले. मला दोन्ही वाचता येते."

मग माहीत असूनही विचारले का नाही, असे मी म्हणाले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "तुम्ही इतक्या मेहनतीने लपवत होता," त्या म्हणाल्या. "मला वाटले, तुम्हालाच धीर आलेला नाही. आला की सांगाल."

मी जिन्यात यजमानांना अडवले होते ते बाईंच्या हृदयासाठी, असे मला पंचवीस दिवस वाटत होते.

पण हे सारे त्या दिवशी ओट्यावर संपले असते तर मी त्याबद्दल लिहिलेही नसते. घरोघरी असे झाले आहे. या सहा-सात महिन्यांत किती घरांत म्हाताऱ्या माणसांना 'बरे आहेत, फोन लागत नाही' असे सांगितले गेले असेल, याची गणती नाही. वाचकांपैकी काहींनी अजूनही सांगितले नसेल. खरी चूक पुढे समोर आली. बाईंनी त्याच संध्याकाळी काकीसांना फोन लावायला सांगितले. मी लावला. पलीकडून काकीसांचा आवाज आला, आणि बाईंनी बोलायला सुरुवात करण्याआधीच त्या म्हणाल्या, "भाभीसा, पंचवीस दिवसांनी आठवण आली?"

काकीसांना आम्ही सांगितले होते की बाईंना माहीत नाही. त्यांनी ते ऐकले होते, मान्यही केले होते. पण विलगीकरणात, एका खोलीत एकट्या असताना, दाराबाहेर ठेवलेले ताट आत ओढून घेताना, माणसाचे मन कुठे कुठे जाते. त्यांना वाटू लागले की असे कसे शक्य आहे? ज्यांनी त्यांना वाढवले, त्यांना कळले नाही? कळले आहे, पण साथीच्या भीतीने घराने संबंध आवरला आहे. जालन्याच्या वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या नाहीत. ज्या मोंढ्यात ते बसले, तिथे एक दिवस हर्राशी थांबली नाही, पेढीचे शटर दुखवट्याने खाली आले नाही. ऑक्टोबरात मोंढ्यातल्याच एका जुन्या व्यापाऱ्याने काकासांच्या फोनवर दिवाळीला कधी येता म्हणून विचारले, आणि तो फोन काकीसांनी उचलला. नवरा गेल्याचे त्या माणसाला त्यांनी स्वतः सांगितले. त्याला माहीत नव्हते, याचे त्यांना नवऱ्याच्या जाण्याइतकेच लागले.

ज्या शहरात माणूस जन्मला तिथे तो गेल्याची बातमी पोहोचू नये, ही व्यवस्था माझी होती. एका माणसाला दुःख होऊ नये म्हणून मी दुसऱ्या माणसाचे दुःख बेवारस ठेवले. बाईंना तर काही वाचवता आले नाहीच. त्यांना मात्र पंचवीस दिवस ते एकटीने, सामायिकाच्या आसनावर, कुणाला न दाखवता काढावे लागले. दोघीजणी एकमेकींचा फोन येईल म्हणून चार वाजता बसून राहात होत्या आणि मध्ये मी होते.

बाईंनी फोनवर काकीसांना काय सांगितले ते मी ऐकले नाही, त्यांनी मला खोलीबाहेर जायला सांगितले. अर्ध्या तासाने त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि त्या म्हणाल्या, "आता तू बोल." मी काकीसांची क्षमा मागितली. संवत्सरीला दोनशे जणांना पाठवलेल्या संदेशातली अक्षरे त्या वेळी तोंडातून निघेनात. साध्या मारवाडीत, जसे बोलतो तसे, चुकले म्हणाले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाव तरी वाढवून सांगत होतीस ना त्यांना?" मुनीमजींची युक्ती त्यांना ठाऊक होती. काकासांनाही ठाऊक होती, असे कळले. वर्तमानपत्रातला भाव ते आधीच वाचून फोन करीत.

दुसऱ्या दिवशी जालन्याच्या आवृत्तीत निधनवार्ता दिली, तारखेसह, उशिराबद्दल एकही शब्द न लिहिता. पेढी दिवसभर बंद ठेवली, या वेळी कारण फळ्यावर लिहून. मोंढ्यातली माणसे तोंडावर रुमाल बांधून, अंतर ठेवून, एकेक करून ओट्यापर्यंत येऊन गेली. हमालांपैकी दोघे काकासांच्या काळातले होते. ते आत आले नाहीत, रस्त्यातूनच बाईंना हात जोडून बराच वेळ उभे राहिले. सकाळपासून कोरड्या डोळ्यांनी बसलेल्या बाई तेव्हा रडल्या.

आश्विनातील ओळीत बाईंनी एक आयंबिल केले. मी नको म्हणाले, त्यांनी ऐकले नाही. दिवाळीला आकाशकंदील लावला नाही, फराळ केला नाही; वहीपूजन मात्र झाले, वीर निर्वाण संवत २५४७ लिहिला गेला. पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, राज्यभरातील धर्मस्थळे उघडली. स्थानकाच्या दारात जाऊन, बाहेरूनच वंदना करून आलो, कारण दहा-दहाच्या गटाने आत सोडत होते आणि बाईंना तेवढे उभे राहवत नव्हते.

काकीसा १८ तारखेला मोटारीने आल्या. दाराबाहेर त्यांनी पाय धुतले, हात धुतले, तोंडावरची पट्टी बदलली. बाई आतल्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या. नियमाप्रमाणे अंतर ठेवायला मी मध्ये खुर्ची मांडली होती, ती काकीसांनी बाजूला सरकवली आणि खाली, बाईंच्या पायांशी, सतरंजीवर बसल्या. "पहिल्या दिवसापासून सांग," बाई म्हणाल्या. "ताप आला तिथपासून. काही गाळू नकोस." मग मला दार ओढून घ्यायला सांगितले.

दार दोन तास बंद होते. चार वाजता मी चहा आत दिला, तो तसाच राहिला. साडेपाचच्या सुमारास बाईंनी आतूनच हाक मारली. पावणेसहाला सूर्यास्त होता आणि दोघींचे चौविहार होते. "दोन ताटे आण," त्या म्हणाल्या. "आणि हिला तिखट कमी कर, धाकट्याने हिची सवय बिघडवली आहे."